रोमची सान क्लेमेंते बॅसिलिका : जाण्याआधी पडणारे प्रश्न

रोमला निघालेली ओळखीची माणसं मला सान क्लेमेंतेबद्दल जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी वसईची, कॅथलिक घरातली. पण विचारणारे बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते, म्हणून उत्तरंही सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

ही बॅसिलिका नेमकी कुठे आहे?

कलोसियमपासून चालत पाच-सात मिनिटांवर. मेट्रोच्या बी मार्गावरच्या कलोसेओ स्थानकावर उतरायचं, कलोसियम मागे टाकायचं आणि लॅटरनच्या, म्हणजे रोमच्या मुख्य चर्चच्या दिशेने जाणारा व्हिया दि सान जोव्हान्नी इन लातेरानो हा रस्ता धरायचा. थोडं पुढे डाव्या हाताला एक साधी, पिवळसर भिंत लागते. ती पाहून आत काही असेल असं वाटत नाही, आणि बरेच जण तशीच ओलांडून पुढे जातात.

रोममध्ये शेकडो चर्च आहेत. मग हेच का पाहायचं?

सेंट पीटर्स पाहून झाल्यावर रोममध्ये आणखी एकच चर्च पाहायला वेळ उरला असेल, तर मी हेच सांगेन. सेंट पीटर्समध्ये माणूस भव्यतेने दबून जातो. इथे काळ पायऱ्यांवरून उतरून पाहता येतो. वर बाराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं चर्च आहे. त्याच्या बरोबर खाली चौथ्या शतकातलं चर्च, त्याच्याही खाली पहिल्या ते तिसऱ्या शतकातल्या रोमन इमारती, त्यांच्यामधला बोळ आणि मित्र या देवाचं देऊळ. त्याखाली इसवी सन ६४ च्या, नीरोच्या काळातल्या त्या मोठ्या आगीत जळालेल्या घरांचे अवशेष मिळाले आहेत. एका जिन्याने खाली जाताना तुम्ही जवळजवळ दोन हजार वर्षं मागे जाता. आणि वर परत येता तेव्हा तिथे कुणीतरी गुडघे टेकून प्रार्थना करत असतं. ही जागा जुनी आहे म्हणून मला आवडते हे खरंच, पण तिचा वापर अजून थांबलेला नाही, हे त्याहून जास्त भावतं.

बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च का?

नाही. मुळात हा रोमन लोकांचा शब्द आहे. न्यायनिवाडा, व्यापार आणि सार्वजनिक कामकाज चालायचं त्या लांबट, खांबांच्या सभागृहाला ते बॅसिलिका म्हणत. एका टोकाला अर्धगोल कोनाडा आणि त्यात न्यायाधीशाचं आसन. चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांना उघडपणे चर्च बांधता येऊ लागली, तेव्हा त्यांनी देवळाचा आराखडा घेतला नाही, या सभागृहाचा घेतला. रोमन देवळात देवाची मूर्ती आत आणि भक्त बाहेर असत. ख्रिस्ती उपासनेत सगळ्यांना एका छपराखाली जमायचं होतं. न्यायाधीशाच्या जागी वेदी आली.

पुढे हा शब्द मानाचा झाला. पोप एखाद्या चर्चला बॅसिलिका हा दर्जा देतात. आपल्याकडे जुन्या गोव्याचं बॉम जेझू आणि वांद्र्याचं माउंट मेरी ही दोन नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. ती दर्जाने बॅसिलिका आहेत. सान क्लेमेंतेमध्ये मात्र शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे तो सभागृहाचा सांगाडाच, डोळ्यांना दिसतो.

संत क्लेमेंत कोण होते?

परंपरेनुसार संत पीटरनंतरचे तिसरे, म्हणजे पीटर धरून चौथे पोप. पहिल्या शतकाच्या अखेरीस, साधारण ९६ साली, रोमच्या ख्रिस्ती मंडळीने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पाठवलेलं एक पत्र त्यांच्या नावावर आहे, आणि ते आजही वाचायला मिळतं. बाकीचा भाग आख्यायिकेचा. सम्राट ट्रेजनने त्यांना क्रिमियात हद्दपार केलं आणि गळ्यात जहाजाचा नांगर बांधून समुद्रात बुडवलं, असं सांगतात. म्हणून त्यांची खूण नांगर. इथे फिरताना कुठे नांगर दिसला तर तो क्लेमेंतचा समजावा.

खालचं चर्च सापडलं कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. संत जेरोम या प्राचीन ख्रिस्ती पंडिताने ३९२ साली लिहिताना क्लेमेंतच्या नावाच्या रोममधल्या चर्चचा उल्लेख केला आहे. त्यामुळे शतकानुशतकं सगळ्यांची समजूत अशी, की रस्त्यावरून दिसतं तेच जेरोमचं चर्च. विद्वानांनाही तसंच वाटत होतं.

१६७७ पासून ही जागा डोमिनिकन या कॅथलिक धर्मसंघाच्या आयरिश फादरांकडे आहे. त्या काळात आयर्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ चालू होता, आणि त्यांना रोममध्ये हक्काचं ठिकाण हवं होतं. त्यांच्यापैकीच फादर जोसेफ मुलूली यांनी १८५७ साली इथे खोदायला सुरुवात केली. वरच्या चर्चच्या जमिनीखाली त्यांना दुसरं चर्च लागलं, मातीने आणि दगडविटांच्या भरावाने गच्च बुजवलेलं. भिंतींवर चित्रं तशीच होती. जेरोमचं चर्च हे होतं! वरचं त्याच्यापेक्षा सातशे वर्षांनी तरुण. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रॉस्सी या रोमच्या भूमिगत दफनभूमींच्या मोठ्या अभ्यासकाची त्यांना साथ होती. खोदत खोदत ते आणखी खाली गेले आणि १८६७ साली मित्राचं देऊळ हाती आलं.

वर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, चालू राहावी, इमारत खचू नये आणि खालचा भराव टोपल्यांनी बाहेर निघावा, हे सगळं एकाच वेळी सांभाळून केलेलं काम आहे हे. खालच्या चर्चमध्ये जागोजागी जाड भिंती आणि कमानी दिसतात आणि आराखडा पटकन कळत नाही. त्यातल्या कित्येक भिंती केवळ वरचं ओझं पेलण्यासाठी घातल्या आहेत. खालचं चर्च वरच्यापेक्षा रुंद होतं, हे ध्यानात ठेवलं की गोंधळ थोडा कमी होतो.

पण धडधाकट चर्च बुजवून वर दुसरं का बांधलं?

जुनं उत्तर असं, की १०८४ साली रॉबर्ट गिस्कारच्या नॉर्मन सैन्याने कलोसियम ते लॅटरन हा भाग जाळला आणि त्यात हे चर्च गेलं. ऐकायला सोपं आहे. पण त्याच सुमाराची भित्तिचित्रं खाली चांगल्या स्थितीत उभी आहेत. त्यामुळे आता अभ्यासक दुसरी कारणं पुढे करतात. ही जागा दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात आहे. पुराचा गाळ आणि पडक्या घरांचा राडारोडा साचत आजूबाजूची जमीन वर येत गेली. चर्च खड्ड्यात गेल्यासारखं झालं, ओल वाढली, भिंती कमकुवत झाल्या. म्हणून अर्ध्यापर्यंत भरून घेऊन त्याच भिंतींवर नवं उभारलं. मला हेच जास्त पटतं.

वरच्या चर्चमध्ये काय बघायचं? थेट खालीच गेलं तर चालेल का?

कृपा करून थेट खाली जाऊ नका. आधी वर बाकावर दहा मिनिटं बसा.

वेदीमागच्या अर्धगोल छताकडे पाहा. बाराव्या शतकातलं मोझेक आहे, सोनेरी पार्श्वभूमीवर. मध्ये क्रूस, क्रूसावर ख्रिस्त आणि बारा पांढरी कबुतरं, दोन्ही बाजूंना त्याची आई मारिया आणि शिष्य योहान. क्रूसाच्या बुंध्याशी एक हिरवं झुडूप आहे, आणि त्याच्या वेली वळणं घेत सगळा घुमट भरून टाकतात. खाली चार नद्या वाहतात आणि हरणं पाणी पितात. त्याखालच्या पट्ट्यात मेंढरांची रांग. मोझेकमधल्या लॅटिन ओळी सांगतात, की ख्रिस्तसभा, म्हणजे सगळा ख्रिस्ती समाज, या वेलीसारखी आहे आणि क्रूस तिला हिरवी ठेवतो. एवढं तर सगळेच गाइड सांगतात. तुम्ही वेलीच्या वळणांमध्ये बघा. तिथे पक्षी आहेत, मेंढपाळ आहेत, कोंबड्यांना दाणे टाकणारी एक बाई आहे. मरणाच्या प्रसंगाभोवती घरातलं रोजचं काम चाललेलं आहे, आणि ते कुणालाही खटकलेलं नाही. दुर्बीण असेल तर न्या, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहा.

वेदीसमोर संगमरवरी कठड्याचा चौकोन दिसेल. गायकवृंदाची जागा ती. त्याच्या बऱ्याच फरश्या सहाव्या शतकातल्या, खालच्या चर्चमधून काढून वर पुन्हा बसवलेल्या आहेत. त्यांवर पोप दुसरे जॉन यांची नाममुद्रा कोरलेली आहे. ते मूळचे याच चर्चचे धर्मगुरू, नाव मर्क्युरियस. रोमन देवाचं नाव पोपला शोभत नाही म्हणून ५३३ साली निवड झाल्यावर त्यांनी ते बदललं. निवडीनंतर नाव बदलणारे ते पहिले पोप. आज नवे पोप कोणतं नाव घेतात याची साऱ्या जगाला उत्सुकता असते, त्या प्रथेची पहिली खूण तुमच्यासमोर दगडात आहे.

दाराजवळ डाव्या बाजूला संत कॅथरिनचं छोटं प्रार्थनालय आहे. पंधराव्या शतकात मासोलिनो या चित्रकाराने रंगवलेलं. छतावरचं अठराव्या शतकातलं झगमगीत काम मला फारसं भावत नाही, त्यावर मी वेळ घालवत नाही. पायाखालची रंगीत दगडांच्या वर्तुळांची फरशी मात्र बघत चाला.

खाली भिंतीवर शिवी लिहिली आहे, हे खरं का?

खरं आहे! आणि इटालियन भाषेच्या इतिहासात ती फार मोलाची आहे.

खालच्या चर्चच्या मधल्या दालनात अकराव्या शतकाच्या शेवटचं एक चित्र आहे. गोष्ट अशी : सिसिनियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची बायको थिओडोरा ख्रिस्ती झालेली असते. हा संशयाने तिच्या मागोमाग क्लेमेंतच्या मिस्सेला येतो आणि तिथे आंधळा-बहिरा होतो. नंतर चिडून नोकरांना क्लेमेंतला बांधून ओढत न्यायला सांगतो. पण नोकरांना भूल पडते. ते एका दगडी खांबालाच दोर बांधून क्लेमेंत समजून ओढत बसतात. सिसिनियस ओरडतो, आणि त्याचे शब्द चित्रातच लिहिलेले आहेत. मराठीत सांगायचं तर, “ओढा रे रांडेच्यांनो, ओढा!” नोकरांची नावंसुद्धा आहेत : गोस्मारी, अल्बेर्तेल, कार्वोन्चेल्ले. क्लेमेंत मात्र लॅटिनमध्ये बोलतात. म्हणजे संताची भाषा ग्रंथाची आणि शिवी रस्त्यावरची. बोली इटालियन लिहिल्याच्या अगदी जुन्या नमुन्यांत या ओळी मोजल्या जातात.

आपल्याकडच्या शिलाहारकाळातल्या मराठी शिलालेखांमधली गधेगाळ ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चटकन कळेल. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी मराठीच्या जुन्या लिखित नमुन्यांपैकीच आहे. माणसाची खरी बोली दगडावर किंवा भिंतीवर चढते ती अशी, रागाच्या भरात.

जवळच दुसरं चित्र आहे, क्लेमेंतच्या समुद्रातल्या समाधीचं. दरवर्षी एकदा समुद्र मागे हटायचा आणि समाधी उघडी पडायची. एका वर्षी एक मूल तिथेच राहून गेलं. पुढच्या वर्षी पाणी ओसरलं तेव्हा ते जिवंत सापडलं. समाधीभोवतीच्या पाण्यात पोहणारे मासे आणि मुलाला उचलून घेणारी आई बघा. खाली चित्राचा खर्च करणारं कुटुंबही रंगवलेलं आहे : बेनो दे रापिझा, त्याची बायको मारिया आणि त्यांची मुलं. मुलाचं नाव अर्थातच क्लेमेंत.

खाली सिरिलिक लिपीतल्या पाट्या का लावल्या आहेत?

संत सिरिल इथे पुरले गेले म्हणून. सिरिल आणि त्यांचे भाऊ मेथोडियस हे ग्रीसमधल्या थेसलनिकाचे. स्लाव लोकांना त्यांच्याच भाषेत प्रार्थना आणि शास्त्र मिळावं म्हणून सिरिलने त्या भाषेसाठी लिपी तयार केली, ती ग्लागोलितिक. आज सिरिलिक म्हणतात ती लिपी नंतर बल्गेरियात घडली, पण नाव त्यांचं चाललं. क्रिमियात त्यांना क्लेमेंतचे म्हणून मानलेले अवशेष मिळाले होते. ते घेऊन दोघे भाऊ रोमला आले. पोप दुसरे एड्रियन यांनी स्लाव भाषेतल्या उपासनेला मान्यता दिली. ८६९ साली १४ फेब्रुवारीला सिरिल रोममध्येच वारले. स्लाव देशांतून आलेली माणसं त्या जागी उभी राहतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर घरच्या माणसाची आठवण असते. तिथून जाताना थोडं हळू बोला.

सगळ्यात खालचा तो ‘मित्र’ म्हणजे आपलाच मित्र का?

नाव एकाच मुळाचं आहे. वेदांतला मित्र, इराणचा मिथ्र आणि रोमन मिथ्रास. सूर्यनमस्कार घालताना पहिलं नाव आपण “ॐ मित्राय नमः” असंच घेतो, आणि रोमन मिथ्रासचाही सूर्याशी निकटचा संबंध होता. पण तेवढ्यावरून उपासना एकच होती असं समजू नका. रोमन पंथाचे विधी, शिल्पं, गुहेसारखी देवळं हे त्यांनी रोमन साम्राज्यातच घडवलेलं आहे.

इथली खोली बुटकी, लांबट, वरून कमानदार. छत मुद्दाम गुहेसारखं खडबडीत ठेवलेलं. दोन्ही बाजूंना दगडी ओटे आहेत. त्यांवर रेलून सभासद एकत्र जेवत. सगळे पुरुष, बायकांना प्रवेश नव्हता. मध्ये वेदी, तिच्यावर मिथ्रास बैलाला मारतो आहे असं शिल्प. आपल्याकडच्या काही जणांना ते बघवत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. पंथाच्या कल्पनेत तो सृष्टीच्या घडणीशी जोडलेला प्रसंग होता. त्यांनी काही लिहून ठेवलेलं नसल्यामुळे अर्थ शिल्पांवरूनच लावावा लागतो. खोली जाळीच्या बाहेरूनच पाहायची असते.

देवळासमोरचा बोळ चुकवू नका. जेमतेम एक माणूस जाईल एवढा, दोन रोमन इमारतींच्या मधला. पलीकडची मोठ्या दगडांची इमारत रोमची टाकसाळ असावी असं काही अभ्यासक मानतात. चौथ्या शतकाच्या शेवटी बिगर-ख्रिस्ती पंथांवर बंदी आली, हे देऊळ बुजवलं गेलं आणि चर्चचा अर्धगोल भाग वाढून त्याच्यावर आला. ती बंदी झाली हे मी कॅथलिक म्हणूनही लपवून सांगत नाही. इथल्या भिंती ते सांगतातच.

खाली पाण्याचा आवाज येतो तो कसला?

भूगर्भातल्या खऱ्या वाहत्या पाण्याचा. मुलूलींच्या खोदकामानंतर सगळ्यात खालचा मजला पाण्याखाली जात असे आणि कित्येक वर्षं तो पाहताच येत नव्हता. शेवटी १९१२ ते १९१४ या काळात सुमारे ७०० मीटर लांबीचं भुयार खणून ते पाणी क्लोआका माक्सिमा या प्राचीन रोमन गटारात सोडलं. एका खोलीत तो खळखळाट अगदी कानाशी येतो. मुलांना हीच जागा सगळ्यात जास्त लक्षात राहते.

तिकीट आहे का? किती वेळ लागतो?

वरच्या चर्चला तिकीट नाही. खालच्या उत्खननाला आहे, आणि गर्दीच्या दिवसांत आधी ऑनलाइन वेळ घेतलेली बरी. वेळा बदलतात, रविवारी सकाळी मिस्सेमुळे पर्यटकांना थांबावं लागतं, आणि रोममधली अनेक चर्च दुपारी मध्ये बंद असतात. म्हणून निघण्याआधी बॅसिलिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेळ तपासा. सगळं मिळून दीड तास हाताशी ठेवा. मी कधीच एका तासात बाहेर पडलेले नाही.

कपड्यांचे काय नियम? चपला काढायच्या का?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. उन्हाळ्यात बिनबाह्यांचा कुर्ता असेल तर ओढणी जवळ ठेवा. साडी, सलवार-कमीज अगदी योग्य. चपला काढायच्या नसतात. पण बूट चांगल्या पकडीचे घाला, खालची जमीन ओलसर आणि उंचसखल आहे. पुरुषांनी आत टोपी काढावी.

आम्ही ख्रिस्ती नाही. मिस्सा चालू असेल तर बसलं तर चालेल?

चालेल, आणि कुणी विचारणारही नाही. मागच्या बाकावर बसा, सगळे उठतात तेव्हा उठा. फक्त कम्युनियनच्या वेळी रांगेत जाऊ नका. तो प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटायचा पदार्थ नाही, कॅथलिकांसाठी ते ख्रिस्तशरीर आहे. आमच्या गावात पाहुणे मिस्सेला येतात तेव्हाही हे आधी सांगावं लागतं, आणि सांगितलं की सगळे समजून घेतात.

आईबाबांचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

वरचं चर्च सहज. खाली जायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या आहेत. दुसऱ्या पातळीपर्यंतचा जिना रुंद आहे, त्याच्या खालचा अरुंद. त्यांनी चौथ्या शतकातल्या चर्चपर्यंत येऊन परत वर बसलं तरी मुख्य चित्रं पाहून होतात. खाली गारवा आणि ओल आहे, ऐन जुलैमध्येही अंगावर काहीतरी लागतं. बंद जागेत जीव घाबरतो त्यांनी सगळ्यात खाली उतरू नये.

फोटो काढता येतात का?

खालच्या भागात मनाई आहे. चित्रांचे रंग ओलीमुळे आधीच नाजूक झाले आहेत, तेव्हा लपून काढण्याचा मोह टाळा. वर काढायचे असतील तर आधी तिथे विचारून घ्या.

त्याच दिवशी आणखी काय जोडता येईल?

सकाळी कलोसियम, मग सान क्लेमेंते, मग त्याच रस्त्याने लॅटरनची बॅसिलिका. रोमचं मुख्य चर्च तेच, सेंट पीटर्स नव्हे. वाटेत टेकडीवर सांती क्वात्त्रो कोरोनाती हा किल्ल्यासारखा मठ आहे. तिथल्या सिल्व्हेस्टर प्रार्थनालयात १२४६ ची चित्रं आहेत : सम्राट कॉन्स्टंटाइन पोपपुढे नमतो आहे अशी. चढण लहान आहे, गर्दी नसते. पाण्याची बाटली रस्त्यावरच्या नळांवर भरून घ्या, तिथलं पाणी पिण्याचंच असतं.

बाहेर पडताना काही राहून जातं का?

अंगण. बहुतेक जण रस्त्याकडच्या बाजूच्या दाराने आत येतात आणि त्याच दाराने निघून जातात. वर आल्यावर मुख्य दार उघडं असेल तर त्यातून बाहेर या. चारही बाजूंनी खांबांच्या पडव्या असलेलं चौकोनी अंगण आहे. जुन्या बॅसिलिकांपुढे असं अंगण असायचं. रोममध्ये ती आता फार थोडी उरली आहेत. एखाद्या खांबाला टेकून बसा. खाली ऐकलेलं पाणी तुम्ही बसला आहात त्या जमिनीखालून कलोसियमकडे चाललेलं असतं.